अनोळखी फुलझाड छाटण्यापूर्वी

मे महिना अर्धा सरला की गोव्यात घरोघरी पावसापूर्वीच्या कामांची घाई सुरू होते. कौले परतणे, गटारे मोकळी करणे, विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या उतरवणे आणि परसातले रान साफ करणे. एरव्ही बंद असणारी, चतुर्थीपुरती उघडणारी घरेही याच सुमारास साफ करून घेतली जातात. रोजंदारीवर बोलावलेला माणूस कोयता घेऊन येतो आणि दिवसाचे काम दिवसात उरकतो. गडग्याला लागून वाढलेले दोन पुरुष उंचीचे झुडूप कसले, हे त्याला ठाऊक नसते आणि बहुतेक वेळा घरमालकालाही ठाऊक नसते. ज्या पिढीने ते लावले तिला त्याचे नाव कुणाला सांगावे असे कधी वाटले नाही, कारण घरात ते सर्वांना माहीतच होते. झुडूप गुडघ्याइतके कापले जाते. पावसात ते जोमाने फुटतेही. मात्र पुढच्या मे महिन्यात, नेमक्या कळ्या दिसू लागण्याच्या वेळी, पुन्हा कोयता चालतो. असे तीन-चार वर्षे झाले की ‘याला फूलच येत नाही’ असा शिक्का बसतो आणि एक दिवस ते मुळासकट काढले जाते.

अशा झुडपांत बहुधा कोणताच दोष नसतो. फुलझाड आपली कळी कोणत्या काडीवर धरते, हे न पाहता ते कापले गेलेले असते, एवढेच.

या दृष्टीने फुलझाडांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, बोगनवेल ही पहिल्या गटातली. यांना फुले नव्या फुटीच्या शेंड्याला किंवा तिच्या पानांच्या बेचक्यात येतात. जितकी नवी फूट अधिक तितकी फुले अधिक, म्हणून छाटणी त्यांना मानवते. मोगऱ्याची शेती करणारे लोक नोव्हेंबरअखेर ते जानेवारी या काळात झाडे जमिनीपासून साधारण 45 ते 50 सेंटिमीटरवर कापून काढतात आणि मार्च-एप्रिलपासून कळ्या तोडतात, ते याच आधारावर. दुसऱ्या गटातली झाडे आधी काडी वाढवतात, ती जून होऊ देतात आणि मगच तिच्यावर कळी धरतात. अनंत हे याचे आपल्या परसातले ठळक उदाहरण. आंब्याचा न्याय येथे लावून पाहावा: नवी पालवी जून झाल्याशिवाय मोहोर येत नाही, हे आंब्याच्या सावलीत वाढलेल्या कुणालाही माहीत असते. अशा झाडाची जून काडी फुलण्याआधीच उतरवली की त्या हंगामाची फुले काडीबरोबरच जातात. राहिलेला ठोंब जिवंत, हिरवागार, पण फुलाविना.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. पहिली काडी तयार करण्यासाठी, दुसरी त्या काडीवर घड आणण्यासाठी. कात्री तीच, पण वेळ बदलली की तिचा अर्थ बदलतो. परसातल्या फुलझाडाला इतका काटेकोरपणा लागत नाही. तरी ते कोणत्या गटातले हे कळल्याशिवाय छाटणीची वेळ ठरवता येत नाही, आणि गट कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे झाड ओळखणे.

ओळखण्यात पहिली अडचण नावांचीच येते. ‘चाफा’ म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. सोनचाफा एका कुळातला. पांढरा देवचाफा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला आणि कण्हेरीचा नातलग. नागचाफा उंडीच्या गोत्रातला. भुईचाफा आले-हळदीच्या घरातला. आणि हिरवा चाफा चक्क सीताफळाचा भाऊबंद. पाचही जण चाफे, पण एकाची छाटणी दुसऱ्याला लावता येत नाही. तगरीचेही तसेच. आपल्या दारची तगर पांढऱ्या फुलांची, दुधाळ चिकाची. काष्ठौषधींच्या दुकानात ‘तगर’ म्हणून मिळते ती मुळी मात्र हिमालयातल्या एका वेगळ्याच वनस्पतीची. म्हणून शेजाऱ्याने सांगितलेले नाव हा शोधाचा आरंभ समजावा. खरे उत्तर झाडाच्या अंगावर असते.

गोव्यातल्या जुन्या घरांभोवती सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पांढऱ्या फुलांच्या झुडपांत. ‘पांढरी फुले, हिरवीगार चकचकीत पाने, वास येतो’ एवढ्या वर्णनात तगर, अनंत, कुंती, पारिजातक, मोगरा आणि पांढरी कण्हेर असे अर्धा डझन उमेदवार बसतात. फुलाची वाट न पाहताही त्यांतले बहुतेक वेगळे करता येतात, कारण पाने बारा महिने हाताशी असतात.

प्रथम एक पान देठापासून तोडावे. तुटल्या जागी पांढरा दुधासारखा चीक तत्काळ थेंबावला तर तगर किंवा देवचाफा असण्याचा संभव मोठा. देवचाफ्याच्या फांद्या जाड, मांसल आणि पाने हातभर लांब असतात, त्यामुळे तो लपत नाही. राहिली तगर. हिची पाने काडीवर जोडीजोडीने, समोरासमोर येतात. एकेरी तगरीच्या पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या असतात. दुहेरी तगरीचे भरगच्च फूल पाहून मात्र कित्येक जण तिला अनंत समजतात, आणि नर्सरीतही ही अदलाबदल होते. अनंताला चीक नाही. त्याचीही पाने समोरासमोर, क्वचित तीन-तीनांच्या वलयात येतात, पण दोन देठांच्या मध्ये काडीला लपेटलेला एक लहानसा पापुद्रा दिसतो. कॉफी, पिट्टकोळी आणि अनंत यांच्या कुळाची ही खूण आहे. नखाने ती जागा चाचपली की कळते. अनंताचे फूल जुने होताना पिवळसर पडते आणि त्याचा सुगंध दूरवर पोचतो; दुहेरी तगरीचा वास मंद आणि तोही मुख्यतः रात्री. हा फरक समजून घेणे केवळ हौसेचे काम नाही. तगर वर्षभर थोडीथोडी फुलते आणि कधीही कापली तरी महिन्या-दोन महिन्यांत सावरते. अनंत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाच्या आरंभी फुलतो. त्याला हिवाळ्यात किंवा मे महिन्यात कापणे म्हणजे वर्षाची फुले गमावणे होय.

चीक नसेल आणि एकाच देठावर अनेक लहान पर्णिका असतील, तर पर्णिका चुरगळून हुंगावी. लिंबाच्या पानासारखा झणझणीत वास आला की ती कुंती, जिला पुष्कळ ठिकाणी कामिनी म्हणतात. लिंबू आणि कढीपत्ता हे तिचे जवळचे नातेवाईक. पान हाताला काचकागदासारखे खरखरीत लागत असेल आणि कोवळी काडी चौकोनी असेल, तर पारिजातक. आणि झाड झुडपासारखे दिसत असूनही आधार मिळताच वर चढत असेल, त्याच्या फांद्यांवर लाकडी आकड्यासारखे वळलेले देठ असतील, तर तो हिरवा चाफा समजावा. या झाडावर अन्याय सर्वांत जास्त होतो. त्याचे फूल उमलताना पानांच्याच रंगाचे असल्यामुळे दिसत नाही. पिकून पिवळे होताना सुगंध सुटतो तेव्हा लोक तो शोधत फिरतात आणि समोरच्या झाडाला ‘बिनफुलाचे’ म्हणून सोडून देतात. गाण्यांतून आणि आठवणींतून मराठी माणसाला हिरवा चाफा ठाऊक असतो, पण आपल्या गडग्यावर चढलेला ओळखता येत नाही.

फूल केव्हा उमलते हीही एक ओळख आहे आणि ती दुपारी काढलेल्या फोटोत उतरत नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात पारिजातकावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्याला या झाडाचा विशेष वाटला तो असा की ते सूर्यास्तानंतर फुलते आणि दिवस उजाडता फुले टाकून देते. त्याने त्याला ‘दुःखी झाड’ म्हटले आणि पुढे वनस्पतिशास्त्रातील लॅटिन नावातही तोच अर्थ कायम राहिला. अनोळखी झुडूप ओळखायचे तर ओर्तासारखे संध्याकाळी आणि पहाटेही त्याच्याकडे जावे लागते.

आता मोबाईलवरील झाडे ओळखणाऱ्या ॲपविषयी. ती उपयोगी आहेत, परंतु त्यांना दिला जातो तो बहुधा एकाच फुलाचा जवळून काढलेला फोटो, आणि पांढऱ्या पाच पाकळ्यांवरून कोणीही नीट ओळख पटवू शकत नाही. संपूर्ण झुडूप, पाने काडीला कशी जोडली आहेत ते दाखवणारा भाग, पानाची खालची बाजू, कळी आणि मिळाल्यास फळ, असे निरनिराळे फोटो घ्यावेत. ॲपने सुचवलेली पहिली तीन नावे घेऊन वर सांगितलेल्या खुणांशी ताडून पाहावीत. त्याहून चांगला उपाय जुना आहे: फुलासह वीतभर डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना किंवा तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवावी. चीक कसला होता, वास कसा होता, कोणत्या महिन्यात फुलले, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे, कारण वाळलेल्या डहाळीत या गोष्टी राहत नाहीत.

अळ्याही साक्ष देतात. कुंतीवर लिंबाच्या झाडावर दिसतात तशाच फुलपाखरांच्या अळ्या सापडतात. तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटभर लांब, हिरवी, शेपटीला काटा आणि मानेजवळ निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली अळी दिसली तर घाबरू नये. ती एका मोठ्या पतंगाची अळी असून तिचा आहार या कुळातल्या झाडांपुरताच बहुतांशी मर्यादित आहे. पानातल्या रसायनांची पारख या किड्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगली असते.

ओळख पटेपर्यंत एक सावधगिरी मात्र पाळलीच पाहिजे, आणि ती कण्हेरीमुळे. कण्हेरीची पाने लांब, अरुंद, चिवट. एका पेरावर तीन-तीन. मधली शीर ठसठशीत आणि तिच्यापासून निघणाऱ्या बारीक शिरा दाट, एकमेकींना समांतर. झाड जुने असेल तर लांब जुळ्या शेंगाही दिसतात. हिचे मूळ, साल, पान, फूल सर्वच विषारी आहे आणि ते विष हृदयाच्या गतीवर परिणाम करते. संस्कृतात हिला ‘अश्वमारक’ म्हणजे घोडा मारणारी असे नाव आहे ते उगीच नाही. पिवळी कण्हेर, जिला बिट्टीही म्हणतात, तीही तितकीच घातक. म्हणून अनोळखी झुडूप छाटताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांना लागू देऊ नये, काम संपल्यावर हात आणि कात्री साबणाने धुवावी. छाटलेला पाला रस्त्याकडेला टाकला की मोकाट गुरे त्याला तोंड लावतात. वाळलेल्या कण्हेरीतही विष टिकून असते. परसात पाचोळ्याबरोबर पेटवून देण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही येथे नको, कारण धूरही अपायकारक असतो. खड्ड्यात पुरणे बरे.

आता छाटणी. कोयत्याने सपासप वरचे शेंडे उडवणे ही छाटणी नव्हे. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे एक संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब सुटतो आणि कापल्या जागेखालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात. समोरासमोर पाने असलेल्या झुडपात तर प्रत्येक कापाला हमखास दोन फांद्या. दरवर्षी एकाच उंचीवर कापत गेले की त्या पातळीवर फांद्यांची गर्दी होते, बाहेर पानांचे छत तयार होते, आत ऊन-वारा पोचत नाही, आतल्या काड्या वाळतात आणि झुडपाला कळी धरण्यासारखी जागाच राहत नाही. बागेत कुंपणासाठी कातरलेल्या कुंतीला फुले का कमी येतात, याचेही उत्तर हेच.

झुडूप मोठे झाले असेल तर त्याची उंची नव्हे, गर्दी कमी करावी. आधी वाळलेल्या काड्या काढाव्यात. काडी जिवंत आहे की नाही याची शंका आल्यास नखाने साल खरवडावी. आत हिरवे दिसले तर जिवंत, तपकिरी असले तर मेलेली. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक काढावी. त्यानंतर सर्वांत जुनी, जाड, खरबरीत सालीची खोडे मोजावीत आणि त्यांतली सुमारे एकतृतीयांश जमिनीलगत करवतीने कापावीत. पुढच्या वर्षी आणखी एकतृतीयांश, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेली. तीन वर्षांत सारे झुडूप नवे होते आणि मधल्या काळात फुलेही बंद पडत नाहीत, कारण प्रत्येक वर्षी जून काड्या काही प्रमाणात शिल्लक असतात. ज्याचा गट कळलेला नाही अशा झुडपासाठी ही रीत सर्वांत सुरक्षित आहे.

काप डोळ्याच्या किंचित वर, अर्ध्या सेंटिमीटरवर घ्यावा. लांब खुंट सोडला तर तो वाळून कुजतो. पाने एकाआड एक असतील तर काप तिरका, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर. पाने समोरासमोर असतील तर सरळ आडवा. अंगठ्याहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. कुळागरवाल्यांना बोर्डो मिश्रण कोळेरोगामुळे परिचित आहेच. पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि 10 लिटर पाणी हे प्रमाण, म्हणजे फवारणीच्या एक टक्का मिश्रणाच्या दहापट दाट. घरगुती एका झुडपाला याचा शंभरावा हिस्साही पुरतो.

वेळेबाबत आपल्या हवामानाचा वेगळा विचार करावा लागतो. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत हिवाळ्याच्या अखेरीस छाटणी सांगितलेली असते, कारण तेथे वाढ बर्फाने थांबते. आपल्याकडे वाढीचा मोठा झोत पावसात येतो. जुलैच्या झडीत मोठे काप घेऊ नयेत. जखम दिवसेंदिवस ओली राहते आणि बुरशी काडीत खाली उतरते. नव्या फुटीवर फुलणाऱ्या झाडांना पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हलकी छाटणी चालते. पारिजातकाला मात्र त्याचा बहर ओसरल्यावर. थंडीत फुलणाऱ्या कुंदाला फुलोरा सरेपर्यंत हात लावू नये. अनंताची फुले संपत आली की उघडीप पाहून लगेच कापावे, म्हणजे पुढची काडी तयार व्हायला त्याला उरलेला पाऊस आणि सारा हिवाळा मिळतो. कुंती पावसाच्या सरींनंतर वर्षातून अनेकदा बहरते. एक बहर झडला की दुसरा येण्याआधी छाटावी. हिरव्या चाफ्याचे लांबलेले वेल कमी करावेत, परंतु आकडे असलेल्या फांद्या राखाव्यात, फूल तेथेच येते.

इतके करूनही नाव कळले नाही तर झुडपालाच विचारता येते. फूल आले की ते ज्या काडीवर आहे तिच्याकडे पाहावे. काडी हिरवी, मऊ, याच मोसमातली असेल तर झाड पहिल्या गटातले. साल धरलेली, तपकिरी, गेल्या वर्षीची असेल तर दुसऱ्या. खात्री हवी असल्यास ऑक्टोबरमध्ये चार-सहा काड्यांना रंगीत दोरा बांधून ठेवावा आणि फुलोरा त्या काड्यांवर येतो की त्यांच्यानंतर फुटलेल्या फुटीवर, हे पाहावे. एवढा धीर नसेल, तर झुडपाची एक बाजू छाटावी आणि दुसरी तशीच राखावी. येणारा हंगाम दोन्ही बाजूंचा हिशेब समोर मांडतो. मिरगापूर्वी तारांसाठी किंवा वाटेसाठी कापणे अगदीच भाग पडले, तर आड येणारी तेवढीच फांदी तिच्या उगमापासून काढावी आणि बाकीचे झुडूप फुलू द्यावे.

आणि मोठी कापणी करण्यापूर्वी रोपे करून ठेवावीत. पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीच्या जाडीच्या, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीच्या, तीन-चार पेरांच्या काड्या घेऊन खालची पाने काढावीत, वरची अर्धी कापावीत आणि वाळूमिश्रित मातीत सावलीला लावाव्यात. तगर आणि कण्हेर सहज जगतात, अनंतही बऱ्यापैकी. कुंतीसारख्या हट्टी झाडाला पावसाळ्यात गुटी बांधावी. मुळे धरलेल्या कुंडीवर झाडाचे नाव, ते कोणत्या घरच्या परसातले आणि कोणत्या महिन्यात फुलते, एवढे न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे. कोयता घेऊन येणाऱ्या माणसालाही ती पाटी वाचता येते.